बिजागरीतलं पीठ

आमची खोली एकच, पंचवटीच्या मागच्या अंगाला, पत्र्याची. पेठ तालुक्यातून उतरून आलो तेव्हापासून तिथंच. बाबा हंगामात द्राक्षबागांवर जायचे आणि हंगाम संपला की मजुरीसाठी नाक्यावर उभे राहायचे. घर चालायचं ते आईच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, आणि बाजरीच्या भाकऱ्यांवर. खानावळीचा माणूस दोन्ही वेळा येऊन त्या घेऊन जायचा. कधी तो आलाच नाही, तर त्या ढीगभर भाकऱ्या आम्हीच खायचो, कडक होईपर्यंत.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटरला गेल्यावर घरात एक वापरलेला लॅपटॉप आला. बसायला धड जागा एकच, आणि भाकऱ्या थापायची जागाही तीच. आई परात घेऊन आली की म्हणायची, "मिट गं ते, पीठ उडतंय." मी मिटायचे. तिची थापणी संपली की पुन्हा उघडायचे. दिवसभर ही उघडझाप. झाकण करकरायला लागलं, मग आपोआप करकरायचं थांबलंही. मला बरंच वाटलं.

शेवटच्या वर्षी, कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी मी झाकण उघडलं आणि काडकन आवाज आला. डाव्या कोपऱ्यानं जबडा वासला आणि स्क्रीन मागं कोसळली. चालू होती, पण उभी राहीना. मग पिठाचा डबा टेकू म्हणून मागं लावायचा. असं बरेच दिवस निभावलं.

आणि एका कंपनीच्या परीक्षेला माझं नाव लागलं. परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. आधी दिलेली एक मैत्रीण म्हणाली, "सुरुवातीलाच लॅपटॉप उचलून सगळी खोली फिरवून दाखवायला लावतात. मध्येच स्क्रीन बंद पडली की परीक्षा रद्द. तू काय डबा घेऊन फिरणारेस?"

परीक्षा रविवारी होती. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर दुकानवाला म्हणाला, हे मॉडेल जुनं, बॉडी मागवावी लागेल, सांगता येत नाही कधी येईल. म्हटलं, राहू दे. घरीच उघडते.

जमिनीवर जुनी चादर अंथरली. मागचे स्क्रू काढून वाटीत ठेवले, आधी बॅटरीची पिन सोडवली, मग डावी बिजागरी पाहिली. तिच्यावर करडा, कडक गोळा बसला होता.

"हे काय साचलंय?"

आईनं नखानं थोडं खरवडलं, बोटांत चोळलं. "नागलीचं हाय." बोटं हुंगून म्हणाली, "आन् खोबरेल."

"खोबरेल कुठून आलं?"

"करकरायचं ना ते! ट्रंकेला घालते तसं घातलं. तू कॉलेजात गेली की."

"किती वेळा?"

"वाजलं की."

दारात बसलेले बाबा हसायला लागले. "बिजागरीची भाकर केली हिनं. तव्यावर टाकायची तेवढी राहिली!"

"हसा. तुमी तर दाराला बी कधी तेल घातलं नाय."

थंडीत खोबरेल थिजलं, त्यात पीठ घट्ट बसलं, बिजागरी आवळली. झाकण उघडताना तिनं स्क्रू धरणारे प्लास्टिकचे खुंट मुळासकट उपटले. रागवायचं तरी कुणावर? त्या यंत्राची काळजी माझ्याइतकीच आईलाही होती.

स्पिरिट आणि जुन्या ब्रशनं गोळा काढला. पकडीनं बिजागरीचा नट किंचित सैल केला. सुट्ट्यांमध्ये बाबांबरोबर मी द्राक्षाच्या तारा ओढल्या आहेत. जास्त ताणली की कडेचा खांब हलतो, सैल सोडली की मांडव झोपतो. इथंही तसंच, मधलं काहीतरी हवं होतं. मग खुंटांबरोबर उपटून आलेले पितळी नट जागेवर बसवले. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब मी टाकायचा आणि त्यावर आईनं चिमटीनं खायचा सोडा भुरभुरायचा. सोडा पडला की गोंद क्षणात दगड होतो, हे मोबाइलवर पाहिलं होतं. थरावर थर देत खुंट पुन्हा उभे केले. दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी हात लावला नाही.

"आता थेंबभर तेल?" आईनं विचारलं.

"नाही!" मी आणि बाबा एकदमच ओरडलो.

रविवारी बाबा नाक्यावर गेले. आई परात आणि तवा घेऊन शेजारच्या काकूंकडे गेली. लॅपटॉपमधून परीक्षकाचा आवाज आला, "खोली दाखवा." मी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश फिरले. पत्रे, देवाची फळी, खिळ्यावरचा बाबांचा शर्ट, कोपऱ्यातला पिठाचा डबा. स्क्रीन ताठ उभी राहिली.

"तो थपथप आवाज कसला?"

"शेजारी माझी आई भाकऱ्या थापतेय."

"बरं. सुरू करा."

मी पास झाले. नंतर पदवीही मिळाली. आता त्याच कंपनीत माझं दुसरं वर्ष चालू आहे. घरातला लॅपटॉप अजून तोच आहे आणि बिजागरी पुन्हा निघालेली नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली आणि महिन्याच्या पगारावर लागलेली मी पहिली.