तात्पुरता फ्रेंच विभाग

खामगावात सरकी विकणारे पुष्कळ, फ्रेंच विकणारा मी एकटाच! अशा दुकानात गिऱ्हाईक कमी, किस्सेच जास्त जमतात. आता तर स्टाफरूममध्ये चहा आला की आधी मला विचारतात, "सर, आज कोणता?"

कॉलेजात रुजू झालो तेव्हा प्राचार्यांनी ओळख करून दिली, "हे सर फ्रेंच शिकवतात. पन घाबरू नका, हायेत नांदुऱ्याचेच!"

मग हळूच माझ्या कानाशी आले. "विभाग तात्पुरता हाय बरं. जमला तर जमला, नाही तर तुमाले लायब्ररीत बसवू."

माझे केस पिकले, पण दारावरच्या पाटीतला 'तात्पुरता' काही हटला नाही!

*

मुलगी पाहायला गेलो, तर तिचे वडील म्हणाले, "थोडं फ्रेंच बोलून दाखवा बरं!"

मी पुस्तकातला रेल्वे स्टेशनचा धडा ठणठणीत म्हटला. गाडी कधी येते, तिकिटाची खिडकी कुठं आहे, सगळं! तिच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. "काय म्हनले हो?"

"तुमच्या पोरीले सुखात ठेवीन, म्हटलं."

लग्न जमलं! पुढं बायको हौसेनं माझ्याच वर्गात येऊन बसली. स्टेशनचा धडा आला, त्या संध्याकाळी आमच्या घरी गॅस पेटला नाही.

*

साहित्याच्या तासाला एक फ्रेंच कादंबरी शिकवत होतो. नायिका पानोपानी उसासे टाकते. कल्पना नावाची विद्यार्थिनी उठली.

"सर, हे बाई एवढी उदास काऊन हाय? घरी वावर नाही का?"

"आहे की. मोठी जमीनदारीण आहे."

"मंग निंदायले जा म्हना!"

त्या कादंबरीची इतकी नेमकी समीक्षा पॅरिसात कुणी केली नसेल. मी पूर्ण मार्क दिले!

*

आणि यंदा विद्यापीठाची समिती आली. विभाग कायम करायचा की बंद, फैसला त्याच बैठकीत. मला लायब्ररीतली खुर्ची दिसायला लागली!

प्राचार्यांनी डोकं लढवलं. लोणारच्या सरोवराचे दगड तपासायला एक फ्रेंच मॅडम आल्या होत्या. जवळच्याच बीबी गावात एका शेतकऱ्याच्या घरी वर्षभर मुक्काम. त्यांनाच पाहुण्या म्हणून बोलावलं.

टेबलावर गरम कचोऱ्या मांडलेल्या. भाषणं आटोपेपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या कॉलेजचा रिवाज! माझं भाषण लांबलं. मॅडमनी एकदा कचोरीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि फाडफाड फ्रेंच बोलल्या. अर्थ एवढाच, की कचोरी खायची कधी?

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. मी कॉलर नीट केली. "मॅडम म्हणतात, असा फ्रेंच विभाग आमच्या फ्रान्समध्येसुद्धा नाही. ताबडतोब कायम करा!"

टाळ्या! अध्यक्षांनी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात मॅडम उठल्या, थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर बराबर सांगून राह्यले. करून टाका कायम. पन थे कचोरी थंडी होऊन राह्यली ना बे!"