बबनरावाच्या स्कॅनरमधली चरचर

फुलसावंगीत बबनरावाला चहाला बोलावणारा माणूस उरलेला नाही, आणि दोष त्याचाच आहे. पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचा जीव एका स्कॅनरमध्ये अडकलाय. परवाना काढून हौशी लोक हवेतून एकमेकांशी बोलतात, ते ऐकायचं हातात मावणारं खोकं. त्यात चरचर झाली की हा गावावर डाफरत सुटतो. पिठाच्या गिरणीवाल्याशी भांडला. शेजारच्या माझ्या घरातला एलईडी दिवा काढायला लावला. मीही मूर्ख, काढला. चरचर काही गेली नाही.

यंदा सोयाबीन भरात आलं आणि चरचरीनं कहर केला. शेतातली विजेची लाइन संध्याकाळी आली की चरचर सुरू. बबनरावाचा संशय ठरलेला होता: बंजारा तांड्यावरचा धरमसिंग. दोघांची शेतं लागून. बबनराव स्वतः शेतात फिरकत नाही, मुलगा गोपाल पाहतो. धरमसिंगनं रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेलं. "आज त्याची तारच तोडतो," म्हणत एका संध्याकाळी बबनराव खोकं घेऊन निघाला आणि साक्षीला मला ओढलं. तार तुटली की डुकरं धरमसिंगचं सारं पीक लोळवणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"धरम्या, बंद कर ते मशीन! लाइन आल्यापासून चरचर करून राह्यलं."

"मशीन बॅटरीवर हाये, बबनराव. लाइनीचा काय संबंध? तुमच्या खोक्यापायी मी डुकरायले पीक चारू काय?"

"तुमा तांडेवाल्यायले कायदाच नाई."

धरमसिंगनं दातओठ खात मशीन बंद केलं. स्कॅनरमध्ये बारीक टकटक चालू होती, तेवढी थांबली. चरचर होती तशीच. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आता चला, कुठून येते ते पाहूच," धरमसिंग म्हणाला.

बबनराव हट्टाला पेटला. खोकं पुढे धरून आवाज वाढेल तिकडे चालू लागला, आम्ही मागे. आवाज वाढत गेला तो बबनरावाच्याच धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे. तिथं गोपालनं पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरमधून थेट वायर काढून धुऱ्यावरच्या उघड्या तारेला जोडली होती. झटक्यानं डुक्कर पळतं, थेट लाइनीनं माणूस मरतो. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. ओलं गवत टेकलं होतं तिथं तार चरचरत होती.

आणि पलीकडून डोक्यावर गवताचा भारा घेऊन धरमसिंगची बायको भुरीबाई तोच धुरा ओलांडायला येत होती. धरमसिंग त्यांच्या बोलीत असा काही ओरडला की ती जागीच खिळली. मी धावत जाऊन स्टार्टर बंद केला.

"पोट्ट्यानं केलं. मले माहीत नोतं," बबनराव म्हणाला.

धरमसिंग अंगावर धावून जाईल असं मला वाटलं होतं, आणि मी काही त्याला अडवणार नव्हतो. तो जागचा हलला नाही. आजवर तो बबनरावाला तुमी म्हणायचा.

"तुह्या खोक्यात चरचर नसती झाली, तं तू धुऱ्यावर पाह्याले आला असता काय?"

बबनराव उद्धट आहे, पण खोटारडा नाही. स्कॅनर बंद करून तो म्हणाला, "नसतो आलो."

धरमसिंगनं भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि भुरीबाईला लांबच्या रस्त्यानं घरी नेलं.