बिनविरोध

“तिका वाट कोण देता ता बघूया मगे,” माझ्या मागे बसलेली बाई दुसरीच्या कानात म्हणाली. दुसरी नुसती हसली. मी वळून पाहिलं नाही. आम्ही देवळाच्या मंडपात बसलो होतो, आणि ज्यांच्याविषयी हे चाललं होतं त्या शेजारच्या काकी माझ्या पुढ्यातच, खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनीही ऐकलं असणार.

सरपंचपद या वेळी बाईसाठी राखीव झालं होतं. म्हणजे माझ्या आईसाठी, असं वडिलांनी ठरवलं होतं. वडील देवस्थानचे मानकरी. ते स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ज्याला उभं राहायचं असे तो आधी आमच्या पडवीत येऊन बसायचा. आईला तिची उमेदवारी कळली ती फोटोवाला घरी आला तेव्हा. “सरपंच झाल्यार माका काय करूचा लागतला?” तिने साडीच्या निऱ्या सारख्या करत विचारलं. “सही,” वडील म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

काकींनी मात्र कुणाला न विचारता अर्ज भरला होता. त्यांच्या वाडीत नळ बसले, पाणी आलंच नाही, आणि दर वेळी ग्रामपंचायतीत जाऊन भांडून त्या दमल्या होत्या. त्यांच्या एका अर्जामुळे निवडणूक बिनविरोध होत नव्हती. म्हणून गाव देवळात बोलावला होता.

वडील गाभाऱ्यासमोर उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालू लागले. गाऱ्हाणं घालणारा एकटा बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला सगळा गाव एका आवाजात होकार देतो. लहानपणापासून तो होकार माझ्या तोंडात बसलाय. मागणी काय आहे ते ऐकायची सवय मात्र कधी लागली नाही.

“बा देवा म्हाराजा, आज सगळो गाव तुझ्या पायाकडे जमलेलो आसा, तेका एका मतान ऱ्हवाची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाच्या मनात काय येगळा इला आसात, तर ता हयच्या हय सरळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मीही म्हटलं. म्हणता म्हणता काकींकडे नजर गेली. त्यांचेही ओठ हलत होते. देवासमोर बसून नाही कसं म्हणायचं? आमच्या घरात वडिलांचा आवाज चढलेला मला आठवत नाही, आणि त्याचा मला इतकी वर्षं अभिमान वाटायचा.

बाहेर पायरीवर चपला शोधताना वडील काकींना सहज म्हणाले, “देवासमोर व्हय म्हटलंस मां? मग आता कित्याक ताणतंस?”

“देवाक म्हटलंय, भाऊ,” काकी म्हणाल्या. “तुमका नाय.”

दोघंतिघं फिस्सकन हसले. वडीलही हसले. “बरा बोललंस गो,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पो आला आणि आमच्या बागेच्या कडेला चिरे उतरवून गेला. काकींच्या घरी जायची वाट आमच्या बागेतून जाते. त्यांच्या यजमानांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच वाटेने रिक्षा दारापर्यंत येते आणि त्यांना कट्टा गावातल्या डॉक्टरांकडे नेते. चिऱ्यांचा ढीग अर्ध्याअधिक वाटेवर आला होता. माणूस अंग चोरून गेला असता, रिक्षा नाही.

“कुंपणाचा गडगा घालायचाय का?” मी वडिलांना विचारलं. माझ्याशी ते नेहमी पुस्तकी मराठीत बोलतात, इंग्रजी शाळेत घातल्यापासून.

“बघू,” ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

मी पुढे काही विचारलं नाही. ‘शांत पोर’ म्हणून गावात माझं नाव आहे. खरं सांगायचं तर न बोलल्यामुळे मला आजवर काहीच सोसावं लागलेलं नाही.

माघारीची मुदत संपायच्या दिवशी काकींनी निरोप धाडला की त्या अर्ज मागे घ्यायला तयार आहेत. वडिलांनी गाडी काढायला सांगितली आणि मला हाक मारली. “तू जा त्यांच्यासोबत. बाईमाणूस बरोबर असलेलं बरं दिसतं.” मी ओढणी घेतली आणि गाडीत जाऊन बसले.

काकी नवीन साडी नेसून आल्या होत्या. ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत होता.

“ता थंडगार बंद करूक सांग गो,” त्या म्हणाल्या. “माका सवय नाय.”

मी एसी बंद करायला सांगितला. त्यांनी काच खाली केली.

“परवा ह्यांका डॉक्टरकडे न्हेवक व्हया होता. रिक्षावालो चिरे बघून थयसूनच परत गेलो.” त्या बाहेर बघत बोलत होत्या. “तुझ्या बापाशीक सांग, आज सांजच्याक उचलूक लाव म्हणान. सही करतंय मी.”

मी मान हलवली.

तहसील कचेरीत टेबलामागे एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी माघारीचा अर्ज वाचला आणि काकींकडे पाहिलं.

“स्वखुशीनं माघार घेताय ना? कुणाचा दबाव वगैरे?”

“नाही, मॅडम,” काकी म्हणाल्या. इतका वेळ मालवणीत बोलणारा त्यांचा आवाज एकदम परका, बारीक झाला होता.

अधिकारी बाईंनी पेन पुढे केलं. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. “आणि तुम्ही? मुलगी का यांची?”

“शेजारची,” माझ्याऐवजी काकीच घाईने बोलल्या. “सोबत आलीय बिचारी.”

त्या मला वाचवत होत्या. पेन त्यांच्या हातात होतं, आणि तरीही त्या मला वाचवत होत्या. दारात ड्रायव्हर उभा होता.

“माझी आई यांच्या विरोधात उभी आहे,” मी म्हणाले. “यांच्या घराची वाट माझ्या वडिलांनी चिरे टाकून अडवलीय. आणि या सही करेपर्यंत सोबत राहायला मला पाठवलंय.”