सगळं धरून किती?

गिऱ्हाईक कितीही घासाघीस करणारं असो, रंगारी भाव एकदाच सांगायचा, आणि तो सगळं धरून. भेगांत भरायची लांबी, घासकागद, शिडी, फरशीवर अंथरायच्या चादरी, शेवटी काचांवरचे शिंतोडे पुसणं, सगळं त्या एका आकड्यात. काम अर्ध्यावर आलं की "साहेब, अजून थोडे लागतील" म्हणणाऱ्यांना तो रंगारी मानतच नसे. पहिला हात खडखडीत वाळल्याखेरीज दुसरा मारायचा नाही, हा त्याचा आणखी एक हट्ट. म्हणून धंद्यातले लोक त्याला 'दुसरा हात' म्हणत.

"लग्नाला होकार देतानाही यांनी आधी पहिला विचार वाळू दिला होता," बायको म्हणे.

मुलगी पाळण्यात होती तेव्हा त्याने एका हिशेबनिसाचं घर रंगवलं. हिशेबनीस म्हणाला, बऱ्याच कंपन्यांत थोडे थोडे पैसे लावणारा एक साधा फंड असतो, त्यात दरमहा ठरावीक रक्कम टाक आणि विसर. रंगाऱ्याने टाकली. एकदा बाजार असा कोसळला की साठलेल्यातला तिसरा हिस्सा दिसेनासा झाला.

"काढून घेऊ या का हो?" बायको रडकुंडीला आली.

"ओल्या रंगाला बोट लावायचं नसतं."

"आणि भिंतच पडली तर?"

रंगारी ब्रश धुवायला निघून गेला. त्याने पैसे काढले नाहीत, आणि भिंतही पडली नाही. गुडघ्याने शिडीला नकार दिला, तोवर फंड चांगला गुटगुटीत झाला होता.

मुलगी परदेशात नर्स झाली, तिथेच संसार थाटला, नात झाली. दोघं वर्षाआड जाऊन राहत. जावई स्वभावाने लोण्यासारखा, पण घर त्याचं. शाळेच्या खानावळीत वीस वर्षं मोठाली पातेली हलवलेली रंगाऱ्याची बायको तिथे साध्या झाकणासाठी विचारत फिरे.

"पाहुणी म्हणून दहा दिवस निभतात," ती परतताना विमानात म्हणाली. "पुढे आपलेच हात आपल्याला परके वाटायला लागतात. नातीजवळ राहायचंय हो मला, पण माझ्या चुलीपाशी."

रंगाऱ्याने ते मनावर घेतलं. मुलीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर दोन खोल्यांचा फ्लॅट निघाला. किंमत ऐकून त्याने मांडीवर थाप मारली. फंडात ती बसत होती, वर चार पैसे उरत होते.

"घेतलाच समज," तो बायकोला म्हणाला. तिने मनातल्या मनात डबेसुद्धा लावून टाकले.

मग फोनवर घराचा दलाल आला. मुलगी मधे बसून त्याचं बोलणं सांगत होती. घर नावावर करायचा कर. वकील. कागदपत्रांचं भाषांतर. दलालाची दलाली. पैसे तिकडच्या चलनात बदलताना बँकेची कात्री. शिवाय दरवर्षी नगरपालिकेचा कर, इमारतीची देखभाल, विमा.

"थांब, थांब. मग मघाशी सांगितली ती किंमत कसली?"

"घराची, बाबा."

"आणि हे सगळं कशाचं?"

"घर घेण्याचं."

"अगं, मी भिंतीचा भाव सांगून शिडीचे वेगळे मागितले असते तर लोकांनी त्याच शिडीवरून खाली ओढलं असतं मला!"

दलालाला काय झालं ते कळेना. मुलीने त्याला बहुधा काहीतरी सभ्य सांगितलं, कारण तो हसून मान डोलवत राहिला.

फंड मोडला तर झालेल्या नफ्यावरही कर होता. एकूण किमतीचा चांगला आठवा हिस्सा कमी पडत होता. "वरचे मी घालतो," जावई मनापासून म्हणाला.

"नको," बायको ताडकन म्हणाली. फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हणाली, "त्याने पैसे घातले की परत त्याचंच घर. मग परत मी झाकण कुठं आहे हे विचारत फिरायचं?"

रंगारी चार दिवस धुमसला. पुन्हा कामं धरतो म्हणाला. तिने त्याच्या गुडघ्याकडे नुसतं पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "भाड्याने घेतलं तर? वर्षातले तीन महिने?"

"भाडं म्हणजे पाण्यात पैसे!"

"आणि तो वकील, भाषांतरवाला, ते काय पैसे तिजोरीत ठेवणार होते तुमचे? फंड तसाच राहू दे. बऱ्या वर्षी जेवढा वाढतो त्यातला थोडा काढायचा. वाईट वर्ष आलं तर एक महिनाच जायचं."

त्याने उलटसुलट आकडे मांडून पाहिले. बायकोचा हिशेब चुकावा असं त्याला फार वाटत होतं. तो चुकत नव्हता.

आता ते वर्षातले तीन महिने त्या फ्लॅटच्याच इमारतीत, त्याच्या एक मजला खाली, भाड्याने राहतात. पहिल्याच आठवड्यात ओट्याखालचा नळ फुटला. रंगारी बाह्या सरसावून पाना शोधायला निघाला.

"बसा," बायको म्हणाली. "मालकिणीला फोन करा. तिचं घर, तिचा खर्च."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने मुलीकरवी फोन केला. तासाभरात नळवाला आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याला घाम गाळताना बघत रंगारी खुर्चीत चहा पीत बसला. नळवाल्याने तेलाने काळी झालेली हत्यारांची पेटी उचलली आणि ओट्यावर ठेवली.

बायकोने तिथेच खेळत बसलेल्या नातीच्या कानात काहीतरी सांगितलं. सहा वर्षांची नात कमरेवर हात ठेवून नळवाल्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिथल्या भाषेत ठसक्यात काहीतरी बोलली. त्याने घाईघाईने पेटी उचलून खाली ठेवली.

"काय गं म्हणालीस त्याला?" रंगाऱ्याने विचारलं.

"म्हटलं, हे माझ्या आजीचं स्वयंपाकघर आहे."

बायको पाठमोरी होती. ओला ओटा पुसत होती, आणि आधीच पुसलेला कोपरा पुन्हा एकदा पुसत होती.