जावयाची सापसुरळी

ठाण्याच्या बाळकुमला माझ्या सासरच्या अंगणातली एक सापसुरळी आठवडाभर केवळ माझ्या शब्दाखातर आंब्याच्या झाडावर राहिली.

मी डोंबिवलीचा. सासरची मंडळी मूळची बाळकुमचीच. भातशेती गेली, चहूबाजूंनी टॉवर आले, पण घर, अंगण आणि तो आंबा त्यांनी काही सोडला नाही. आणि तिथे जावयाचा मान म्हणजे विचारू नका! मी काहीही बोललो तरी सगळे माना डोलावतात. गणपतीत आरती आटोपली की सासूबाई हटकून म्हणतात, "जावय, एक गाणं होऊन जाऊ दे." मी तीन-चार म्हणतो. (आग्रहच तसा असतो!)

तर अलीकडे मला निसर्गाचं वेड लागलंय. एका निसर्गप्रेमी ग्रुपात शिरलो, दुर्बीण घेतली, टोपी घेतली. फक्त माहिती घ्यायची तेवढी राहिली. अशात सासरी गेलेलो, तर आंब्याच्या खोडावर एक तपकिरी, चकचकीत सापसुरळी दिसली.

"झाडावर राहणारी जात आहे ही!" मी जाहीर केलं. "फार दुर्मीळ! ही जमिनीवर उतरतच नाही!"

"अहो, आपल्या लाकडांच्या ढिगात असते तीच ना ही?" बायको म्हणाली.

"शोभा, गप बस गो!" सासूबाईंनी लेकीला दटावलं. "जावय बोलतान ना झारावरची, मंग झारावरचीच हाय."

मी लगेच फोटो ग्रुपवर टाकला. फोटो इतका हललेला, की कोणाला नाही म्हणायची सोयच नव्हती. शेवटी सरपटणाऱ्या प्राण्यांची जाणकार असलेली मीनल म्हणाली, "काका, मी रविवारी बघायलाच येते." झालं! ग्रुपात माझं नाव होणार म्हणून आठवडाभर मी हवेत होतो.

रविवारी शोभा, मीनल आणि मी अंगणात शिरलो आणि जागीच थांबलो. आंब्याच्या फांदीला पाण्याची करवंटी टांगलेली. फांद्यांच्या दुबेळक्यात वाटीभर सुका जवळा. जवळ्याच्या वासाने जमलेली मांजरं बुंध्याशी, आणि त्या मांजरांवर काठी उगारून उभ्या सासूबाई!

"आई, हे काय?"

"तिची सोय केलीय. जावयानी दाखवलेली चीज, नीट ठेवाला नको?"

सापसुरळी खरंच फांदीवर होती. मी मीनलकडे विजयी मुद्रेने बघितलं. तिने कॅमेरा काढला, आणि त्याच क्षणी ती बया सरसर खोड उतरून लाकडांकडे सुटली!

"दादूस, उतरली रं!" सासूबाई मेहुण्याच्या नावाने ओरडल्या. "चरव तिला वर, जावय बघतील!"

(जावय शेजारीच उभे होते.)

मेहुणा सूप घेऊन धावत आला. सफाईने त्याने तिला सुपात घेतलं, स्टुलावर चढला, फांदीवर सोडलं आणि हात झटकत वळला, तर समोर मीनल.

"तुम्ही हे नेहमी करता?"

"नाय नाय," तो घाईने म्हणाला, "ती उतरते तवाच."

"आणि ती कधी उतरते?"

"दिसभर."

मीनलने फांदीजवळ जाऊन तिला नीट बघितलं. "काका, पाठीच्या खवल्यांवर कंगोरे आहेत, कडेला फिकट पट्टा आहे. ही आपली साधी अंगणातली सापसुरळी. ऊन खायला चढली असेल त्या दिवशी."

मला धरणी दुभंगावी असं झालं. पण सासूबाई हटतात कसल्या!

"पोरी, तू शिकलेली हायस, पन आमचे जावय सांगतान ना..."

माझा शब्द खाली पडू नये म्हणून ही माउली आठवडाभर उन्हात मांजरं हाकत होती!

"आई, माझं चुकलं," मी म्हणालो. "जमिनीवरचीच आहे ती. जाऊ दे तिला."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

"सुटलो गो बाय!" काठी टाकून सासूबाई पायरीवर मटकन बसल्या. सापसुरळी उतरून लाकडांत गडप झाली. मेहुणा हसायला लागला, मग मीनल, मग सगळेच. शोभा तर डोळे पुसत होती.

हसता हसता माझ्या मनात एक शंका डोकावली.

"आई, मग ते गणपतीतलं माझं गाणं...?"

सगळ्यांचं हसू एकदम थांबलं. मेहुणा सुपातला नसलेला कचरा निवडू लागला. सासूबाई पदर सावरत उठल्या.

"चाय टाकते हां," म्हणाल्या, आणि आत गेल्या.