नसरीन मॅडमचा लॅपटॉप आणि अठ्ठेचाळीस आकडे

मशीन चालू केलं आणि निळा स्क्रीन आला. स्क्रीनवर एकच मागणी होती : अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की टाका.

"काय झालं हो भाऊ?" समोरच्या स्टुलावरून नसरीन मॅडमनी विचारलं.

देऊळगाव राजात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मॅडम ज्युनिअर कॉलेजात शिकवतात. सकाळी त्या नवा लॅपटॉप घ्यायला आल्या होत्या. कॉलेजची कामं विंडोजवर, मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं लिनक्सवर. एकाच मशीनवर दोन्ही हवं. याला ड्युअल बूट म्हणतात. चालू करताना मशीन विचारतं, आज कोणती सिस्टीम?

असा लॅपटॉप निवडताना मी तीन गोष्टी बघतो. रॅम सोळा जीबी हवी, वाय-फायचं कार्ड लिनक्सला चालणारं हवं आणि आत दुसऱ्या एसएसडी डिस्कला जागा हवी. दोन सिस्टीम दोन डिस्कवर असल्या की एकमेकींच्या अध्यातमध्यात येत नाहीत. मॅडमचा चार वर्षं जुना लॅपटॉप खोलून पाहिला, तर तिन्ही गोष्टी त्यातच होत्या.

"मंग नवा काऊन घेऊ?" त्या हसल्या.

जुनाच वापरा, हा माझा सल्ला खराच होता. पण माझा एक स्वार्थही होता. नवा मागवला असता तर ऑर्डर देऊन त्या दहा मिनिटांत गेल्या असत्या. जुन्यावर काम म्हणजे दोन-तीन तास समोर माणूस, दोनदा चहा. सगळं ऑनलाइन मिळायला लागल्यापासून माझ्या दुकानात कुणी बसत नाही. दिवस दिवस मी कुणाशी बोलत नाही, आणि ते मला सोसत नाही.

त्या बोलण्याच्या नादातच घोळ झाला. लिनक्स टाकायला बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जावं लागतं. तिथे जुन्या सवयीने मी सिक्युरिटी चिप क्लिअर केली, म्हणजे पुसून टाकली. विंडोजच्या डिस्कला कुलूप आहे का, हे आधी पाहायचं असतं. पाहिलं नाही. कुलूप होतं आणि त्याची किल्ली त्याच चिपमध्ये होती.

"बॅकअप आहे ना, मॅडम?"

"हाव, आहे ना. डी ड्राइव्हवर."

डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा कप्पा. तोही कुलपात.

"माझं पीएचडीचं काम आहे भाऊ त्याच्यात. अमडापूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायांच्या मुलाखती. तीन वर्षं फिरली मी." त्या स्टुलावरून उठल्या. "दोघी तर आता राह्यल्या बी नाहीत."

अशा किल्लीची दुसरी प्रत, म्हणजे रिकव्हरी की, ऑनलाइन खात्यावर असते. ज्या मेल आयडीने मशीन पहिल्यांदा सुरू केलं, त्या खात्यावर. आणि आमच्याकडची रीत अशी, की गिऱ्हाइकाला पासवर्ड आठवत नसतो, म्हणून दुकानदार आपलाच आयडी टाकून मोकळा होतो. मॅडमच्या मशीनवर सादिकचा होता.

सादिक एकोणीस वर्षं माझा भागीदार होता. तीन वर्षांपूर्वी जालन्याला गेला. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो नाही. दुकान बंद ठेवता येत नाही, असं कळवलं. त्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलं नाही. मग फोन करायची लाज वाटत राहिली.

आता लावला. दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला.

"बोल."

"एक रिकव्हरी की पाहिजे होती. नसरीन मॅडमच्या मशीनची."

"इतक्या दिवसांनी फोन केला, तो बी कीसाठी?"

मी स्क्रीनवरचा मशीनचा नंबर वाचून दाखवला.

"चिप क्लिअर केली का बे?"

"हो."

"तुले किती डाव सांगतलं होतं." मग पलीकडे कीबोर्ड वाजला. "घे, लिही."

सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तो वाचायचा, मी टाकून परत म्हणायचो. पाचवा गट नीट ऐकू आला होता, तरी मी म्हणालो, "पुन्हा सांग." त्याने सांगितला.

विंडोज उघडलं. मॅडमनी एका मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं, बाईचा आवाज ऐकला आणि डोळे पुसले. मी आधी सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलं, मगच लिनक्स टाकलं.

फोन ठेवण्याआधी मी सादिकला म्हणालो होतो, "आपल्या बाकी गिऱ्हाइकांच्या कीज बी लागतील कधी. तवा करतो फोन."

संध्याकाळी त्याची फाइल आली. त्याच्या आयडीवर सुरू केलेल्या सगळ्या मशीनच्या कीज, नावांसकट. खाली लिहिलं होतं, 'आता फोन करायचं काम नाही.'

धडा सरळ आहे. गिऱ्हाइकाचं मशीन गिऱ्हाइकाच्याच मेल आयडीवर सुरू करून द्यावं. मी आता तसंच करतो.

ती फाइल मात्र मी तीनदा तपासली, एखादी की राहिली असेल म्हणून. एकही राहिली नव्हती.