रविवारची गोळी

डॉक्टर मॅडमनी वैशालीचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोटांची पेरं एकेक करून दाबून पाहिली. मधल्या पेरावर दाब आला की ती डोळे गच्च मिटायची. मग मॅडमनी विचारलं, "सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात का? मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

"दोन तास," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

मी तिची सासू. शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ती का रडली, ते त्या खोलीत मला एकटीला कळलं. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

रक्ताचे रिपोर्ट समोरच होते. मॅडम म्हणाल्या, "रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे." हा संधिवाताचाच एक प्रकार. रोगाशी लढायची जी ताकद शरीरात असते, तीच चुकून आपल्या सांध्यांवर उलटते. सांधे सुजतात, आणि वेळेवर औषध झालं नाही तर वाकडे होतात.

मी म्हणाले, "मॅडम, ती तेवीस वर्षांची हाय. हा तर म्हाताऱ्या माणसांचा रोग."

"मावशी, वयानं सांधे झिजतात ते वेगळं. हा आजार तरुणपणीही येतो. बायकांना जास्त येतो."

आमचं गाव हदगाव तालुक्यात. घरात आम्ही दोघं नवरा-बायको, मुलगा बालाजी आणि वैशाली. तिचं माहेर कंधारचं, शिक्षण बारावीपर्यंत. आली तेव्हा चांगली हसतीखेळती होती. सहा-सात महिन्यांनी तिचं सकाळचं उठणं लांबायला लागलं. ऊन अंगणात आल्यावर बाहेर यायची. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायची. भाकरी थापायला बसली की पीठ नुसतं चाचपत बसायची.

आणि दुपारी बघावं तर सगळं ठीक. कपडे धुवायची, शेंगा निवडायची, आईशी फोनवर हसत बोलायची. मग मला काय वाटणार? मला वाटलं, नाटक करून राहिली. सकाळचं काम चुकवायचं आणि दुपारी हसायचं. "आमच्या सुनंचा दिवस दहाला निघतो," असं मी गल्लीत सांगत फिरायचे. एकदा नळावर तिच्या हातून घागर सुटली. चार बायकांसमोर मी बोलले, "हातात जीव न्हाई का तुझ्या?"

खरंच नव्हता. ती घागर तशीच ठेवून घरात गेली.

एका सकाळी मी बालाजीला हाक मारत त्यांच्या खोलीचं दार ढकललं. तो तिच्या मागं बसून तिची वेणी घालत होता. माझा असा पारा चढला! मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "आई, दोन महिने झाले, तिची वेणी मीच घालून राहिलो. तिची बोटं वळत न्हाईत. तुला सांगू नको म्हणली, म्हणून न्हाई सांगितलं." वैशालीनं मान वर केली नाही. मी दार लोटून घेतलं आणि चुलीपुढं बसून राहिले. त्याच आठवड्यात आम्ही नांदेडला गेलो.

या आजारात सकाळचा ताठरपणा हीच मोठी खूण असते. हालचाल झाली, दिवस वर आला की सांधे सैल होतात. दुपारी हसणारी मुलगी सकाळी खोटं बोलत नसते. हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. तुमच्या घरात कोणी सून, लेक, भाची अशी असेल तर तिला आधी विचारा, मग बोला. माझं उलटं झालं.

औषध होतं मेथोट्रेक्सेट. उलटलेली ताकद शांत करणारी गोळी. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रविवारी. बाकीचे सहा दिवस फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे जीवनसत्त्वाची गोळी, ती पहिल्या गोळीचा त्रास कमी करते. "एकदाच म्हणजे एकदाच," मॅडमनी बालाजीला दोनदा बजावलं. "आणि ही गोळी चालू आहे तोवर दिवस राहता कामा नयेत. पुढं मूल हवं असेल तेव्हा आधी मला सांगायचं. औषध बदलू, काही महिने थांबू, मग."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत होते. नातवाचं मनात होतंच, खोटं कशाला बोलू. पण तिचे सुजलेले हात मांडीवर पडलेले होते, त्यांच्याकडं बघून मी तो विषय काढला नाही.

दोन महिन्यांत फरक दिसला. सूज उतरली. ती नऊच्या आत अंगणात यायला लागली. मी केलेलं मला निस्तरायचं होतं. मी गोळ्यांचं काम आपणहून माझ्याकडं घेतलं. पाकिटातून गोळी दाबून काढायला तिच्या बोटांना अजून जड जायचं. म्हणून मी सगळ्या गोळ्या सोलून दोन डब्यांत भरून ठेवल्या, सहा दिवसांच्या मोठ्या डब्यात आणि रविवारच्या लहान डब्यात. सकाळी पाण्याचा पेला आणि गोळी तिच्या हातावर ठेवायची. ती घ्यायची. मला त्याचं लई समाधान वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात नवी पाकिटं आली. दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही पिवळ्या. मी सातवी शिकलेली, पाकिटावरची इंग्रजी अक्षरं मला लागत नाहीत. सोलताना अदलाबदल झाली. रविवारची गोळी मोठ्या डब्यात गेली.

आठ-दहा दिवसांनी तिचं तोंड आलं. मी तूप लावलं. मग पाणीसुद्धा गिळवेना, ओठांतून रक्त यायला लागलं, अंगात ताप भरला. बालाजीनं गाडी केली आणि तिला नांदेडला नेलं. मॅडमनी लगेच भरती करून घेतलं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी अगदी कमी झालेल्या. म्हणजे साध्या सर्दीशी लढायचीही ताकद उरली नव्हती.

"घरात आहेत त्या सगळ्या गोळ्या आणा," त्या म्हणाल्या.

बालाजी डबे घेऊन आला. मॅडमनी मोठा डबा तळहातावर ओतला, एक गोळी उजेडात धरून पाहिली.

"ह्या रोज कोण देत होतं?"

"मी," मी म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं, ल्युकोव्होरिन. या गोळीचा उतारा असतो तो. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मावशी, ही चूक शिकलेल्या घरांतही होते. म्हणून गोळी पाकिटातून काढून ठेवायची नाही, कधीच. आता प्रार्थना करा आणि मास्क लावल्याशिवाय तिच्याजवळ जाऊ नका."

नऊ दिवस ती तिथं होती. वेगळ्या खोलीत, सलाईनवर. तिचे केस गळून उशीवर पडायचे. मी दाराबाहेरच्या बाकावर बसून असायचे. रोज सकाळी रक्त तपासायला जायचं, दुपारी रिपोर्ट यायचा. नर्स यायला लागली की मी तिच्या हातातल्या कागदाकडं न बघता तिच्या तोंडाकडं बघायचे. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "वाढल्या पेशी."

कंधारहून तिची आई आली होती. तिला सगळं मीच सांगितलं. नळावरचं बोलणं, डबे, काहीच लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी लेकीला घेऊन जाते. आता तुमच्या भरवशावर न्हाई ठेवत."

मी म्हणाले, "न्या. मी कोणत्या तोंडानं नको म्हणू?"

वैशाली एक महिना माहेरी राहिली. बालाजी दर आठवड्याला जाऊन यायचा. मी गेले नाही, माझा पाय धजला नाही. गल्लीत बायका विचारायच्या, सून कुठं? मी सांगायचे, "माझ्या चुकीनं दवाखान्यात होती, आता आईकडं हाय." पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली, मग सवय झाली.

महिन्यानं ती बालाजीच्या मागं गाडीवर बसून परत आली. केस बारीक कापलेले. मी दारात उभी होते, पुढं होऊ की नको कळेना. ती स्वतःच जवळ आली.

"आत्याबाई, मॅडमनी गोळी परत चालू केली," ती म्हणाली. "पण आता माझी गोळी मी काढणार. बोटं दुखली तर दुखली. कात्री घेईन."

"हाव बाई," मी म्हणाले.

"तुम्ही फक्त मला रोज वार विचारायचा. मी चुकीचा सांगितला तर टोकायचं."

एवढं काम तिनं मला ठेवलं. ते तिनं ठेवलं नसतं तर मी काही म्हणू शकले नसते.

आता वर्ष होत आलं. दर महिन्याला रक्त तपासायला नांदेडला जातो. थंडीत तिचे हात अजून धरतात, तेव्हा मी सकाळी पाणी तापवून ठेवते. ती त्यात हात घालून बसते आणि आम्ही काहीबाही बोलतो. मूल होण्याचं मॅडमशी ते दोघं बोलून राहिले. मी काही विचारत नाही. हा आजार जात नाही, आवाक्यात राहतो, आणि तो राखायला घरातली सगळी माणसं लागतात, एवढं मी शिकले. मॅडमचे, त्या नर्सचे उपकार आहेतच. पण सगळ्यात मोठे उपकार त्या पोरीचे, तिनं मला परत जवळ केलं.

काल ती तिच्या भावाच्या साखरपुड्याला कंधारला गेली. मी घरीच होते. आज सकाळी चहा ठेवला आणि तिला फोन लावला. मागं पाहुण्यांचा गलका चालला होता.

"वैशाली, आज कोणता वार गं?"

"रविवार, आत्याबाई. घेतली."